कुसळ, बिब्बा की खरूज?

काका, नमस्कार.

मी दापोली तालुक्यातला, वय २४. मार्चपासून फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या शेडवर आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली तशा होड्या वर ओढल्यात आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्या तयार हव्यात म्हणून सकाळी आठ ते रात्री आठ काम चाललंय. मॅट (काचेच्या तंतूंची चादर) कापणं, जुना तळ घासणं, रेझिन (ती चादर घट्ट धरणारं चिकट द्रव्य) मारणं, सगळंच करतो. खाजेने जीव नकोसा झालाय. मनगटं, कोपराची आतली बाजू, मान आणि पट्टा बसतो ती कंबर. रात्री झोप नाही. मुकादम म्हणतो, पंधरा दिवसांत कातडी निबर होते. मला तीन महिने झाले. आई म्हणते, खोबरेल चोपडून कामावर जा. शेडवरचे म्हणतात, पावडर लाव. सुटताना कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकतो आणि घरी येऊन कडकडीत पाण्याने आंघोळ करतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, दोन दिवस फरक पडला, पुन्हा तेच. हल्ली बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्यात, बारीक पाण्याचे फोडही येतात.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. मला आठ महिन्यांची मुलगी आहे. गेल्या आठवड्यात तिच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले घामोळं. बायको म्हणते तुमच्या कपड्यांमुळे, आम्ही सगळं एकाच मशीनमध्ये धुतो. तिने मोबाइलवर असंही वाचलं की ही काच म्हणजे ॲस्बेस्टॉसच, कॅन्सर होतो. काम सोडू का? इथे दुसरं काम नाही.

खाजवून बेजार


सरळ अरे-तुरे करतो, वय २४ लिहिलंयस.

आधी लेकीचं बघू. बायकोचं पहिलं म्हणणं खरं असण्याची दाट शक्यता आहे. काचेचे तंतू कामाच्या कपड्यांत अडकतात, धुताना पाण्यात सुटतात आणि त्यातले काही मशीनच्या ड्रमला, जाळीला, दाराच्या रबराला चिकटून राहतात. पुढच्या खेपेला जे कापड आत जाईल त्यात ते शिरतात. तुमच्याकडे ते झबलं आणि दुपटं आहे. डॉक्टरांनी घामोळं म्हटलं यात त्यांची चूक नाही. पावसाळ्यात तळकोकणापासून मुंबईपर्यंत बऱ्याच बाळांना घामोळं असतं आणि बाप काय काम करतो हे त्यांना कुणी सांगितलं नसणार. परत जाशील तेव्हा हेच पहिलं सांग.

खात्री करायची असेल तर आज रात्री दिवा मालव आणि मोबाइलचा टॉर्च कातडीला जवळजवळ टेकवून आडवा मार. उजेड वरून पाडू नकोस, बाजूने यायला हवा. मनगटावर बारीक चमक दिसेल, लग्नात कुणी चमकी उधळल्यासारखी. ती काच. मग तोच उजेड शर्टाच्या कॉलरवर मार, आणि मग लेकीच्या दुपट्यावर.

आजपासून तुझे कामाचे कपडे मशीनमध्ये जायचे नाहीत. म्हणून ते बायकोने दगडावर घासायचे असंही नाही, ते सगळं तिच्या तळव्यांत जाईल. तूच धुवायचे. एक मोठी बादली घे, ती फक्त याच कामाची. कपडे भिजव, काठीने ढवळ, पाणी ओतून दे, पुन्हा भर. तीन-चार पाणी काढ, साबण मधल्या पाण्यात घाल. पिळू नकोस, तसेच निथळत टाक, आणि दोरीही वेगळी ठेव. पाणी ओतायची जागा अशी बघ की पोर रांगायला लागल्यावर तिथे पोचणार नाही. मशीन एकदा-दोनदा रिकामंच पाण्यावर फिरव, जाळी काढून नळाखाली धू, रबराच्या खाचेतून ओला फडका फिरव. त्यानंतर बाळाचे कपडे पुन्हा एकदा धुऊन काढा. आणि शेडवरचा शर्ट अंगात असताना तिला उचलून घ्यायचं नाही, ती कितीही हात पुढे करू दे.

आता तुझं. मॅट म्हणजे काचेचाच तंतू, एकेक साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा. आपला केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी ही काच. तंतू अखंड असतो तोवर गुळगुळीत असतो, कुणाचं काही बिघडवत नाही. कापला, फाटला, घासला की त्याला टोकं येतात आणि ती टोकं कातडीच्या वरच्या थरात रुततात. भात झोडलेला माणूस तुझ्या घरात कुणीतरी असेलच, त्याला विचार अंगाला कुसळ लागतं तेव्हा काय होतं. तेच हे. यात विष नाही, ॲलर्जी नाही, निव्वळ टोचणं आहे. म्हणून ही खाज गोळी घेऊन फारशी हटत नाही आणि कुसळ निघालं की आपोआप जाते.

रेझिनची गोष्ट निराळी. होडीला वापरतात ते पॉलिस्टर रेझिन, त्यात ते पातळ ठेवणारं स्टायरिन, वर ते घट्ट व्हावं म्हणून कोबाल्ट आणि हार्डनर, आणि हात पुसायला ॲसिटोन. यातले काही बिब्ब्याच्या जातीचे, म्हणजे ॲलर्जी आणणारे. बिब्बा कुणाला उततो, कुणाला नाही. काजूच्या टरफलाचं तेलही तसंच. दहा वर्षं काही होत नाही आणि अकराव्या वर्षी हात सुजतो. पण एकदा उतला की पुढे नुसता जवळून गेला तरी उततो. तुला पाण्याचे फोड येतात असं लिहिलंस तिथे माझं लक्ष अडकलं. काचेने लाल ठिपके येतात, ओरखडे येतात, चरचरतं. पाण्याने भरलेले फोड सहसा येत नाहीत. ते आले की बिब्ब्याचा संशय घ्यायचा.

आणि तिसरी शक्यता, जी तुझ्या मुकादमाला सुचणार नाही. बोटांची बेचकी, मनगटं, कंबर, रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या लहान मुलालाही पुरळ: हे वर्णन फायबरचं नाव न घेता कुठल्याही कातडीच्या डॉक्टरला वाचून दाखवलंस तर तो म्हणेल खरूज. बायकोला खाज आहे का, हे तू लिहिलं नाहीस. असेल तर ही शक्यता आणखी वाढते. खरूज असेल तर औषध एकट्याने लावून उपयोग नाही, सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचं असतं, नाहीतर ती एकमेकांकडून फिरून येते. तू फायबरला शिव्या देत बसशील आणि किडा घरात मजेत राहील.

तिन्हींतली कुठली हे ओळखायला सुट्टीचा उपयोग होतो. सलग दोन-तीन दिवस शेडवर जाऊ नकोस (ताप आलाय म्हण, हंगामात दुसरं कारण कुणी ऐकून घेत नाही). कुसळाची खाज एक-दोन दिवसांत उतरते. बिब्ब्याची रेंगाळते, आठवडा-दोन आठवडे घेते आणि कामावर परतलास की एक-दोन दिवसांनी पुन्हा फुलते. खरजेला रविवार कळत नाही, ती रोज रात्री सारखीच. हे बघून मग कातडीच्या डॉक्टरकडे जा, फोड आहेत म्हणजे जायलाच हवं. पापण्या किंवा तोंड सुजलं, पू झाला, ताप आला तर सुट्टीचा प्रयोग करत बसू नकोस, त्याच दिवशी जा. बिब्ब्याचा संशय असेल तर पॅच टेस्ट करतात. पाठीला थोड्याथोड्या मात्रेत निरनिराळे पदार्थ चिकटवतात, ४८ तासांनी पट्टी काढतात आणि नंतर आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. त्यात कोबाल्टवर लाल गाठ उठली तर तुझ्या कामातलं नेमकं काय टाळायचं ते कळतं.

ती ट्यूब मात्र आजच बंद. रिकामी खोकी टाकली नसशील तर त्यावरची नावं डॉक्टरांना दाखव. आपल्याकडे काउंटरवरून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी भेळ असते. स्टेरॉइडने दोन दिवस आग विझते, म्हणून माणूस खूश होतो. पण खरूज किंवा नायटा असेल तर तो आतून पसरत राहतो, वरून दिसतो भलताच, आणि मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातो. जांघेत लावली असशील तर कातडी पातळ पडते ते वेगळंच. लेकीला ती लावली नाहीस ना?

कंप्रेसरबद्दल वाचलं आणि मला माझा साखरपुडा आठवला. १९८८ साली मी भोसरीतल्या एका शेडवर फायबरच्या टाक्यांचं काम करायचो. साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतःला कंप्रेसरखाली असं काही झोडून काढलं की बघणाऱ्याला वाटावं, आता हा नवाकोरा झाला. गळ्यातून आत हवा, कंबरेच्या पट्ट्यातून आत हवा. दुसऱ्या दिवशी उसन्या शेरवानीत पाटावर बसलो आणि पाच मिनिटांत कंबरेला मुंग्या चालू. खाजवता येईना, हलता येईना. अंगठी घालताना मी असा काही वळवळलो की होणाऱ्या सासूबाईंनी माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, मुलाला काही त्रास आहे का. हवा काच उडवते खरी, पण समोरची काच कापडातून आत आणि कातडीत घालते, आणि उरलेली शेजाऱ्याच्या मानेवर टाकते. हवेने अंग झटकायचं नाही. कपडे ओल्या फडक्याने वरून खाली पुसायचे, किंवा व्हॅक्यूम असेल तर त्याने ओढून घ्यायचे.

खरं सांगायचं तर अंगावर आलेली काच काढण्यापेक्षा ती अंगावर येऊ न देणं सोपं आहे आणि शेडवर सगळे नेमकं उलटं करतात. काच सगळ्यात जास्त उडते ती घासताना. मॅट कापताना त्यामानाने थोडी. आणि घासणं निम्मं वाचवता येतं. नवीन थर लावलास, की तो दगडासारखा होईपर्यंत थांबून मग ग्राइंडर लावू नकोस. मधे एक वेळ येते, काठ बोटाला चिकटत नाही पण नखाने दाबला तर वण उठतो, ओल्या खोबऱ्यासारखा. त्या वेळी धारदार कटरने बाहेर आलेला काठ सर्रकन कापून निघतो. ना धूळ, ना आवाज. ही वेळ डब्यात उरलेल्या रेझिनवरून ठरवू नकोस, डब्यातलं साचून गरम होतं आणि लवकर घट्ट होतं. काठच तपासायचा. पावसाळी गारठ्यात वेळ लांबते, हार्डनर कमी-जास्त झाला की बदलते, त्यामुळे घड्याळ लावण्यात अर्थ नाही, येता-जाता नख लावून बघायचं. मी हे शिकलो तेव्हा मला काम करून आठ वर्षं झाली होती आणि कुणीतरी आधी का सांगितलं नाही म्हणून अजून राग येतो.

जुन्या होडीचा तळ मात्र घासावाच लागतो, नाहीतर नवा थर धरत नाही. मोठं काम ग्राइंडरने कर, पण शेवटचं आणि काठाकाठाचं हाताने, वॉटर पेपर आणि पाणी घेऊन. ओली धूळ उडत नाही, ओघळते. नंतर जागा पूर्ण वाळवायची, मगच रेझिन. विजेच्या ग्राइंडरजवळ पाण्याची बादली नको, हे तुला सांगायला नको. उघड्यावर घासत असशील तर वारा कुठून येतो ते बघून उभा राहा. वारा तोंडावर घ्यायचा नाही हे सगळ्यांना कळतं, पण पाठीवर घेतला तरी छातीपुढे भोवरा होतो आणि धूळ तिथेच फिरत राहते. तो बाजूने येऊ दे. आणि संध्याकाळी शेड झाडणारा पोरगा कोरडा खराटा मारतो ना? त्याला आधी पाणी शिंपडायला किंवा ओला भुसा पसरायला सांग. त्या खराट्याने दिवसभर खाली बसलेली काच उठून परत तुमच्याच अंगावर येते.

मॅट कापताना ती मांडीवर घेत असशील. सगळे घेतात. टेबल नसेल तर फळी टाक, पण मांडी नको. रोल प्लास्टिकमध्ये ठेव, लागेल तेवढाच बाहेर काढ.

कपड्यांचं म्हणशील तर फुल बाह्यांचा, दाट विणीचा सुती शर्ट, तुझ्या मापापेक्षा एक माप मोठा. टी-शर्ट नको, होजिअरीच्या विणीत काच अडकून बसते. ढगळ अशासाठी की घट्ट कापड अडकलेली काच कातडीवर दाबून घासतं. तू सांगितलेल्या जागा बघ: मनगट, कोपर, मान, कंबर. चारही ठिकाणी एकतर कापड घासतं नाहीतर घाम साचतो. शर्ट पँटमध्ये खोचू नकोस, नाहीतर वरून पडलेलं सगळं पट्ट्यात गोळा होतं. कॉलरचं बटण लाव, मानेला सुती रुमाल, आणि तो रोज बदल. मनगटाला एक युक्ती आहे. जुन्या मोज्याचा पंजा कापून टाक, उरलेली नळी मनगटावर चढव, त्यावर शर्टाची बाही, त्यावर हातमोजा, आणि सांध्यावर मास्किंग टेपचा एक वेढा. दिसायला गाढवपणा वाटतो. शेडवर चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी मोजे मागतील. उकडतं, मला माहीत आहे, जूनमध्ये हर्णैच्या हवेत फुल बाह्या म्हणजे शिक्षा आहे. घासायचं काम पहाटे उरकलंस तर थोडं सुसह्य होईल. घाम आला की काच चिकटते, म्हणून दुपारी जेवायच्या वेळी एकदा हात-मान धुऊन शर्ट बदल. दोन शर्ट ठेव.

हातमोजे दोन प्रकारचे लागतात. मॅट कापायला आणि घासायला रबराचा मुलामा असलेले कापडी, रेझिनला नायट्राइलचे. नायट्राइल पातळ असतात, रेझिनने लडबडले की बदलायचे. ॲसिटोन तर त्यांतून काही मिनिटांत आरपार जातं, म्हणून ॲसिटोनमध्ये बुडवलेला हातमोजा म्हणजे ओल्या कागदाची छत्री. आणि ज्या हातमोज्याच्या आत काच गेली तो फेकून दे. तो घालण्यापेक्षा उघडा हात परवडला.

ॲसिटोनने हात पुसतोस का, हे तू लिहिलं नाहीस पण पैजेवर सांगतो, पुसत असणार. त्या बेचक्यांतल्या भेगांना ते पुरेसं कारण आहे. ॲसिटोन रेझिन काढतं तसं कातडीचं स्वतःचं तेलही काढून नेतं. मग कातडी चिरते आणि त्या चिरेतून रेझिन, कोबाल्ट सगळं आत जातं. बिब्ब्याला याहून चांगला रस्ता नाही. हाताला रेझिन लागलं तर ते ओलं असतानाच कोरड्या फडक्याने पूस, मग थोडं तेल चोळून पुन्हा पूस, मग साबण. ॲसिटोन ब्रशसाठी आहे.

हार्डनर हे सगळ्यांत वाईट. पाण्यासारखा दिसतो म्हणून माणूस बेफिकीर होतो. एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर त्या क्षणी नळाखाली डोळा उघडा धरून सलग १५ मिनिटं पाणी आणि तसाच दवाखाना. चष्मा लाव. आणि कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळून घ्यायचं, हार्डनर अगदी शेवटी. तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता आई आणि तेल. आईला सांग, तेल बरोबर आहे, वेळ चुकली. तेल लावून शेडवर गेलास तर कणकेच्या हाताला पीठ चिकटतं तशी काच चिकटते. रात्री आंघोळीनंतर अंग टिपून झालं की मग खोबरेल लाव, भेगांवर व्हॅसलिन. पावडर तासाभरात घामाने लगदा होते आणि उडते ती नाकात जाते. सोडून दे.

आंघोळ शक्य तर शेडवरच कर, घरी यायच्या आधी. नळ नसेल तर मालकाकडून एक पिंप आणि आडोसा मागून घ्या, चार जणांनी मिळून मागितलं तर देईल, त्याचे रेझिनचे पैसे त्याहून जास्त वाया जातात. आधी अंगावर नुसतं पाणी वाहू दे, हात कोपरापासून बोटांकडे. चोळायचं नाही. मग साबणाचा फेस मऊ फडक्याने, हलक्या हाताने, एकाच दिशेने. वज्री नको, घासणी नको. पाणी गार किंवा कोमट. कडकडीत पाण्याने खाज क्षणभर दबते हे खरं आहे, म्हणूनच त्याची सवय लागते, पण कातडी कोरडी पडते आणि अर्ध्या तासात दुपटीने खाजतं. टॉवेल टिपायला, रगडायला नाही, आणि तो टॉवेल घरात कुणी वापरायचा नाही. एवढं करून एखादी जागा टोचत राहिलीच तर टॉर्च आडवा मारून बघ, चमकणाऱ्या जागेवर चिकटपट्टीचा तुकडा हलका दाबून अलगद वर उचल. मास्किंग टेपही चालते. कुसळ पट्टीला येतं. खाजवलंस तर तेच कुसळ मोडून आत राहतं.

अजून एक. लघवीला जाण्याआधी हात धू. नंतर तर धूच. हे का सांगतोय ते एकदा अनुभव आलेल्याला विचार, तो सांगेल. किंवा सांगणार नाही.

निबर होण्याचं मुकादम सांगतो ते अर्धं खरं आहे. बऱ्याच लोकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांनंतर काचेची खाज कमी जाणवते, आणि मोठी सुट्टी घेऊन परतले की पुन्हा पहिल्यासारखी सुरू होते. काहींना कधीच सवय होत नाही. पण हे फक्त कुसळाचं. बिब्ब्याची सवय होत नसते, तो उलट वाढत जातो. आमच्याकडे एक जण होता, हात असा की त्याने मारलेल्या जेलकोटमध्ये (होडीचा सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर) तोंड बघून भांग पाडावा. एपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनचं काम आलं तेव्हा त्याच्या पापण्या सुजल्या. एपॉक्सी या बाबतीत पॉलिस्टरपेक्षा जहाल. त्याला सगळ्यांनी हेच सांगितलं, होईल सवय. वर्षभराने तो शेडच्या दारात उभा राहिला तरी तोंड सुजायचं. त्याला धंदा सोडावा लागला. वेळेवर ओळखलं असतं तर निदान एपॉक्सी सोडून बाकीचं काम त्याला करता आलं असतं.

ॲस्बेस्टॉसचं बायकोला शांतपणे सांग. ॲस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो, बारीकाहून बारीक होतो आणि फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. काचेचा तंतू आडवा मोडतो, लांबी कमी होते, जाडी तीच राहते, आणि मॅटमधला तंतू तेवढ्या खोल जायला जाडच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये या अखंड ओढलेल्या काचतंतूला तिसऱ्या गटात ठेवलं, म्हणजे कर्करोगाचं कारण म्हणावं एवढा पुरावा नाही. त्याच संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला मात्र २-अ गटात टाकलं, म्हणजे बहुधा कर्करोगकारक. तर तिची भीती अगदीच वाया गेलेली नाही, फक्त तिने चुकीच्या डब्याकडे बोट दाखवलं. शेडमध्ये जो उग्र गोडसर वास येतो तो स्टायरिनचा. नाकाला बांधलेल्या रुमालाने तो अडत नाही, धुळीचा एन-९५ सुद्धा त्याला अडवत नाही. रेझिनच्या कामाला वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्क हवा, घासायच्या कामाला एन-९५ चालेल. शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा, पाऊस आत आला तरी.

काम सोडू का, विचारलंस. आज नको. आधी डॉक्टर, मग वर सांगितलेलं सगळं महिनाभर. खरूज निघाली तर औषधाने जाईल आणि तू मला हसशील. काचच निघाली तर मोजे, कटर आणि बादली यांनी निभावेल. पॅच टेस्टमध्ये बिब्बा निघाला तर मात्र मुकादमाचं ऐकू नकोस. मालकाशी बोलून रेझिनपासून लांबचं काम माग, होडीवर इंजिन बसवणं, वायरिंग, लाकडाचं, काहीही. २४ व्या वर्षी ते शिकता येतं.

ता. क. हेल्मेट विसरलो. कामावरून येताना तेच डोक्यात असतं, म्हणजे आतल्या अस्तरात तीन महिन्यांची काच बसली असणार आणि मानेची खाज घरी आल्यावर वाढते ती त्यामुळेही असेल. अस्तर निघतं का बघ. निघालं तर त्याच बादलीत घाल. गाडीची सीटही ओल्या फडक्याने पूस, बायको लेकीला घेऊन मागे बसते ना.